निवट्याला आमंत्रण

मी वळ गावात राहायला गेलो त्या काळात कोणी मला "कुठं नोकरीला?" असं विचारलं, की माझ्या आधी माझे घरमालकच उत्तर देऊन मोकळे व्हायचे. "यो चवलीत असतो."

चवळीत म्हणजे गोदामात. मी शहापूरहून आलो होतो आणि एका मोठ्या गोदामात माल बाहेर पाठवण्याच्या टेबलावर क्लार्क होतो. ते गोदाम ज्या जमिनीवर उभं होतं तिथं पूर्वी घरमालकांची चवळी व्हायची. कंपनीचं नाव, गाळ्याचा नंबर यातलं काहीही ते मानत नसत. त्यांच्या हिशेबी पलीकडचं बाटल्यांचं गोदाम वांग्यात होतं, टायरांचं भातात होतं आणि पार शेवटचं, जिथं परदेशी माल यायचा, ते मिठागरात होतं. हायवेवरून वाट चुकून आत आलेला ट्रकवाला पत्ता विचारायचा आणि हे त्याला मनापासून सांगायचे, "चवली छोड के सीधा बैंगन में घुसो." तो बिचारा हातातला कागद उलटसुलट करत राहायचा. वर्षभरानं मीही तसंच सांगायला लागलो होतो.

जमीन भाड्यानं गेली, पण पहाटे उठायची सवय कुठं भाड्यानं देता येते? चारला उठून ते जुन्या बांधांवरून, म्हणजे आता गोदामांच्या भिंतींच्या कडेनं, एक फेरी मारून यायचे. मग पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल, आणि समोर पूर्ण रिकामा दिवस. पूर्वी एकदा पाच वर्षं ते ग्रामपंचायतीचे सदस्य होते. ती पाच वर्षं संपली हे त्यांना कोणी नीट सांगितलेलं नसावं. घरात वांगी करायची की सुकट, यावर ठराव व्हायचा. काकी, म्हणजे त्यांच्या मंडळी, तो ठराव ऐकून घ्यायच्या आणि मनात असेल ते शिजवायच्या. माणसांना नावानं हाक मारणं घरमालकांना जमत नसे. मी 'शहापूर' होतो. माझ्या शेजारच्या खोलीत नसीमभाई राहायचे. धामणकर नाक्याजवळच्या एका कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे. त्यांचं नाव 'लूम' होतं.

या माणसाच्या हातात ते पुस्तक मी दिलं, ही सगळी माझीच करणी.

आमच्या गोदामात खेळण्यांचा माल यायचा. एका पावसाळ्यात काही खोकी भिजली आणि मॅनेजरनं ती टाकून द्यायला सांगितली. त्यात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. पानापानावर तलवारी, गुहा, पंखांचे राक्षस. मला वाटलं, गोष्टींचं असेल. घरी येऊन वाचलं तर तो एक खेळ निघाला. घरमालकांनी ते उलटं, सुलटं, आडवं करून पाहिलं.

"पत्ते कुठं हायत?"

"पत्ते नाहीत, काका."

"सोंगट्या?"

"त्याही नाहीत. एक जण गोष्ट चालवतो. बाकीचे गोष्टीतली एकेक माणसं होतात. समोर काय आहे ते तो सांगतो, आपण काय करतो ते आपण सांगायचं. जमलं की नाही ते फाशावर ठरतं."

"आन् जितला कोन?"

"कोणीच जिंकत नाही. गोष्ट नुसती पुढं जाते."

त्यांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "म्हंजे पंचायतच की."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मला एक तास पुस्तकाचं मराठी करून सांगावं लागे. ते ऐकायचे आणि लाल पेनानं दुरुस्त्या करायचे. आग ओकणारा पंखवाला राक्षस त्यांनी पहिल्याच बैठकीत नामंजूर केला. "असलं जनावर आपले खाडीत जगनार न्हाय. खारं पानी सोसनार न्हाय त्याला." मग त्याच्या जागी काय, यावर तीन दिवस विचार करून त्यांनी निवटा घेतला. निवटा म्हणजे खाडीच्या चिखलात पोटावर सरपटणारा, डोळे डोक्यावर घेऊन फिरणारा बोटभर मासा. यांचा निवटा मात्र घराएवढा होता, खाडीच्या तोंडाशी बसायचा आणि माणसाच्या आवाजात बोलायचा. पुस्तकातला फासा वीस बाजूंचा होता आणि तो खोक्यात नव्हता. नसीमभाईंनी कारखान्यातून वीस रिकाम्या कांड्या आणल्या. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात घालायची, सूत गुंडाळायची लाकडी दांडी. घरमालकांनी एकेकीवर एक ते वीस आकडे घातले आणि सगळ्या पिठाच्या पिशवीत भरल्या. पिशवीत हात घालून एक काढायची. जितका मोठा आकडा, तितकं काम फत्ते.

खेळायला चार माणसं हवीत असं पुस्तक म्हणत होतं, आणि सगळ्यांना एका वेळी सुट्टी मिळणं हीच खरी लढाई होती. माग शुक्रवारी बंद. माझी सुट्टी रविवारी. काकींना वेळ फक्त दुपारी दोन ते पाच, कारण त्या वेळात भारनियमन असायचं आणि टीव्ही बंद पडायचा. घरमालकांनी दोन दिवस कागदावर आडव्या-उभ्या रेघा मारल्या. तिसऱ्या दिवशी ते सरळ माझ्या मॅनेजरपुढं जाऊन उभे राहिले. चवळीचे मालक दारात आलेले पाहून तो खुर्चीतून उठला.

"आमचे शहापूरला शुक्रवारची सुट्टी द्या. त्याला खाडीत जावं लागतं."

मॅनेजरला वाटलं, माझा काही नवस असावा. त्यानं हात जोडले आणि सुट्टी बदलून दिली. पुढं दोन वर्षं तो दर गुरुवारी मला हळू आवाजात विचारायचा, "उद्या खाडी ना?" मी गंभीरपणे मान हलवायचो.

पहिल्या शुक्रवारी ओटीवर चटई पडली. गोष्ट चालवणाऱ्या घरमालकांनी हजेरीचं मस्टर उघडलं, धामणकर नाक्यावरून मुद्दाम आणलेलं, कापडी पाठीचं. त्यात चार ओळी होत्या. एक मी, एक नसीमभाई, एक काकी. चौथ्या ओळीत नाव नव्हतं.

"चौथा कोण?" मी विचारलं.

"गैरहजर," ते म्हणाले आणि लाल पेनानं तसं लिहिलं. मग पेन मिटून खिशाला लावलं. "कोरम न्हाय. सभा तहकूब."

आम्ही चहा पिऊन उठलो. दुसऱ्या शुक्रवारी तेच. तिसऱ्या शुक्रवारी नसीमभाई मला म्हणाले, "भाई, ये कैसा खेल है? हाजिरी लगाओ, चाय पियो, घर जाओ. इससे अच्छा तो ड्युटी है."

शेवटी काकींनी सोडवलं. "आवं, तहकूब झालेली सभा अर्ध्या तासानं भरली तर तिला कोरम लागत न्हाय. पाच वर्षं तुमीच सांगत व्हते ना?"

घरमालकांचा चेहरा उजळला. त्यानंतर आमचा खेळ कायम असाच सुरू व्हायचा. दोन वाजता हजेरी, दोन वाजून पाच मिनिटांनी सभा तहकूब, अर्धा तास चहा-बटर, आणि मग त्याच जागी, त्याच माणसांची, तहकूब सभा. एकदा मी म्हटलं, सरळ अडीचलाच बसू या. तर म्हणाले, "मग ती पयली सभा व्हईल. तिला कोरम लागंल."

खेळ मात्र असा रंगला की सांगता सोय नाही. मी पुस्तकाबरहुकूम तलवारबाज झालो. नसीमभाईंना मी योद्धा, जादूगार, सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मैं दर्जी बनेगा. कपड़ा सबको लगता है." काकी चोर झाल्या. आयुष्यभर सरळ वागलेली ती बाई शुक्रवारी दुपारी दिसेल ते उचलायची. एकदा तिनं मंदिराची घंटा लांबवली, आणि कोणीतरी वाजवली तर कळेल म्हणून तिच्यात चिंध्या कोंबल्या. पहिल्यांदा निवटा समोर आला तेव्हा मी तलवार उपसून धावलो, पिशवीतून तीन नंबरची कांडी निघाली आणि मी मेलो. काकींनी त्याला विचारलं, "कंच्या गावचा रं तू? घरी कोन कोन हाय?" नसीमभाईंनी टेप काढली आणि निवट्याचं कुर्त्याचं माप घेतलं. गळा कुठं संपतो आणि पोट कुठं सुरू होतं, यावर त्या दोघांची अशी चर्चा झाली की पाच वाजता वीज आली तरी कोणी पंखा लावला नाही. पुस्तकातल्या नियमांनी खेळणारा मी एकटाच होतो आणि दर महिन्याला मीच मरत होतो.

निवटा बोलायला लागला की घरमालक निराळेच व्हायचे. एरवी तुटक बोलणारा माणूस घोगरा, लाडीक आवाज काढायचा, मान आत घ्यायचा, डोळे वर करायचा. मला तर निवटाच जास्त आवडायचा.

आणि दर शुक्रवारी चौथ्या ओळीत लाल अक्षरांत 'गैरहजर'.

ती ओळ कोणाची ते काकींनी मला विहिरीपाशी सांगितलं. धाकट्या भावाची. घरमालकांचा भाऊ शेजारीच राहायचा. घर एकच, ओटी एकच, मधोमध गंजका पत्रा उभा केलेला. सहा वर्षं दोघांत अबोला. कारण होडी. त्यांच्या वडिलांची खाडीत मासे मारायची होडी होती. वडील गेल्यावर ती घरापुढं पालथी पडून असायची. एक दिवस घरमालक पंचायतीच्या कामाला गेले असताना धाकट्यानं ती वडप्याच्या एका धाब्यावाल्याला देऊन टाकली. त्यानं तिला निळा रंग फासला आणि आत झेंडू लावला. घरमालक संध्याकाळी परतले, पालथ्या होडीची जागा रिकामी पाहिली आणि तसेच गावदेवीच्या देवळात गेले. तो पहिला बोलल्याबिगर मी त्याच्याशी बोलणार नाही, अशी शपथ घेतली. तासाभरानं धाकटे गेले आणि त्यांनीही शब्द न बदलता तीच शपथ घेतली.

"आता सांग," काकी म्हणाल्या, "पयलं बोलाचं कोनी?"

महिन्यातून एकदा घरमालक स्कूटर काढून वडप्याला जायचे, त्या धाब्यावर एक कटिंग घ्यायचे, झेंडूकडे बघत बसायचे आणि परत यायचे. काकींना खरा घोर वेगळाच होता. धाकट्यांच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं. मांडवाची पहिली मेढ रोवताना घरातल्या थोरल्या माणसाचा हात लागावा लागतो. घरच्या माणसाला पत्रिका पाठवत नाहीत, तोंडानं बोलवावं लागतं. आणि तोंडं तर दोघांची बंद. पोरगी काकींच्या मांडीवर वाढलेली. "काकाबिगर मेढ रोवली तर मी मांडवात पाय टाकनार न्हाय," असं तिनं बापाला बजावलं होतं.

खेळाच्या वेळी पत्र्यापलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज का यायचा हे मला तेव्हा उमगलं. शुक्रवारी दोन ते पाच धाकटे त्यांच्या बाजूला ओटीवर बसून सगळं ऐकत असत.

एका शुक्रवारी आम्ही अडकलो. निवटा चिखलात वाट अडवून बसला होता आणि आम्हाला पलीकडे जायचं होतं. मी तलवारीची भाषा काढताच सगळ्यांनी मला गप्प केलं. नसीमभाई म्हणाले, पूल बांधू. काकी म्हणाल्या, निवट्याचीच शेपटी चोरू. अर्धा तास असा गेला आणि पत्र्यापलीकडून एकदम आवाज आला, "अरे येड्यांनो, भरतीची वाट बघा ना! पानी चढलं का तो आपसूक सरकतो!"

घरमालकांनी खाली बघितलं. मस्टरवर बोट ठेवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शहापूर, पलीकडून सूचना आली हाय. हजेरी लावल्याबिगर सूचना घेता येत न्हाय. सांग त्याला."

मी ओटी उतरून सात पावलं चालून पत्र्याला वळसा घातला आणि सांगितलं. धाकटे खुर्चीतून उठले. "सांग त्याला, येतो. पन बोलनार न्हाय." आणि स्वतःची खुर्ची उचलून माझ्या मागोमाग आले. घरमालकांनी निळं पेन काढलं. लाल 'गैरहजर' खोडून 'हजर' स्वच्छ अक्षरात लिहिलं. पुढच्या शुक्रवारपासून सभा तहकूब व्हायची थांबली. चहा विसरला गेला.

धाकटे नावाडी झाले. आता गोष्ट चालवणाऱ्यानं नावाड्याला काय दिसतं ते सांगायला हवं, आणि नावाड्यानं काय करतो ते. "शहापूर, विचार त्याला, वल्हं मारतो का." "शहापूर, सांग त्याला, मारतो." दोघांच्या मधे एका हाताचं अंतर, आणि माझी मान दर वाक्याला इकडून तिकडे. दुसऱ्या शुक्रवारी काकींनी पिशवी आपटली. "शपथ तुमी दोघांनी घेतली. नावाड्यानं घेतलीय का? निवट्यानं घेतलीय का?"

घरमालकांनी आठवडा मागून घेतला. रोज संध्याकाळी मला पुस्तक काढायला लावलं. खेळातलं पात्र जे बोलतं ते खेळणाऱ्याचं बोलणं धरायचं का, असा नियम शोध म्हणाले. मी शोधला. धरायचं नाही, असंच काहीसं एका कोपऱ्यात निघालं. नसतं निघालं तरी मी काढलं असतं, हे इथं कबूल करतो. त्यांनी तो मजकूर माझ्याकडून तीनदा वाचून घेतला आणि पानाचा नंबर लिहून ठेवला.

त्यानंतरचा शुक्रवार मी विसरणार नाही.

"नावाड्या," निवटा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ही होडी कुनाची?"

"बापाची," धाकटे म्हणाले.

काकींच्या हातातली सुपारी तशीच राहिली.

"बापाची होडी मानूस दुसऱ्याला देतो का रं?"

धाकटे खुर्चीच्या कडेला आले होते. "निवट्या, तू चिखलात राहतोस, तुला काय ठावं. बाप गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीपासनं ती दारात पालथी. मी सकाली दार उघडलं का मना वाटं बाप झोपवलाय अंगनात. रोज. रोज वाटं. तुझं दार पलीकडं उघडतं, तुला दिसत नव्हती."

निवटा अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मग बोलला कशाला न्हाईस?"

"विचारलं कोनी? तू तर देवलात गेलास."

नसीमभाई उठून ओटीच्या टोकाला गेले आणि पाठ करून उभे राहिले. मी पिशवीत हात घालून उगीचच कांड्या ढवळत बसलो. निवट्यानं शेवटी वाट सोडली. भरती नव्हती तरी सोडली. घरमालकांच्या नियमात हे बसत नव्हतं, पण कोणी हरकत घेतली नाही.

पुढं दर शुक्रवारी ते दोघे एकमेकांशी भरपूर बोलायचे. निवटा नावाड्याला दम्याचं औषध सांगायचा. नावाडी निवट्याला विचारायचा, गुडघा दुखतो का अजून. माशाला गुडघा कुठला, असं मी एकदा म्हणालो तर चौघांनीही माझ्याकडे रागानं पाहिलं. पाच वाजले, वीज आली, की दोघे पुन्हा मुके. पत्रा तिथंच.

लग्नाची तारीख ठरली. त्याच्या आधीच्या शुक्रवारी नावाड्यानं होडी खाडीच्या तोंडाशी नेली आणि वल्हं खाली ठेवलं.

"निवट्या, माझे पोरीची हलद हाय. रविवारी सकाली मेढ रोवाची हाय. तुला आमंत्रन द्याला आलोय."

"मी चिखलातला," निवटा म्हणाला. "मना मांडवात कोन घेनार?"

"मी घेनार. तू आल्याबिगर मेढ उभी राहनार न्हाय."

"येतो," निवटा म्हणाला.

नसीमभाईंनी डोळे पुसले आणि म्हणाले की मग कुर्ता रविवारच्या आत द्यावा लागेल.

मला वाटलं, झालं, सुटलं. काकींनी तर त्याच संध्याकाळी शिरा केला. पण आमच्या घरमालकांना तुम्ही ओळखत नाही. शनिवारी मी गोदामातून आलो तर ते ओटीवर पुस्तक मांडीवर घेऊन बसलेले.

"शहापूर, घोटाला झालाय. आमंत्रन निवट्याला हाय. मना न्हाय."

"काका, निवटा म्हणजे तुम्हीच!"

"मग जेवढं बोललो तेवढंबी मीच बोललो? मग शपथ मोडली का माझी?" त्यांनी पानाचा नंबर लिहिलेला कागद माझ्यापुढं धरला. "एक तर निवटा म्हंजे मी न्हाय, न्हायतर निवटा म्हंजे मी. दोनी कसं चालंल? नियम म्हंजे नियम."

हा फास माझ्याच भाषांतरानं विणला होता. काकींनी भांडी आदळली, रडल्या, शेवटी म्हणाल्या, "बसा मग घरात. पोरीचा काका चिखलात राहतो असं सांगीन सगल्यांना." मी पत्र्याला वळसा घालून धाकट्यांना सांगायला गेलो, की एकदा तोंडानं बोलवा. ते म्हणाले, "बोलवलं ना! सगल्यांच्या समोर बोलवलं! आता अजून पयला मीच बोलू?" मी परत आलो. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि लग्न काही माझ्या घरचं नव्हतं.

रविवारी सकाळी सातला घरमालक नवा शर्ट घालून बाहेर पडले. आम्हाला वाटलं, निघाले. तर ते रस्ता ओलांडून समोरच्या कडेला जाऊन उभे राहिले. मांडवाच्या हद्दीबाहेर, पण मेढ दिसेल असे. येणारेजाणारे नमस्कार करत होते, ते मान हलवत होते. मी आणि नसीमभाई, दोघंही रजा टाकून, त्यांच्या शेजारी उभे राहिलो, कारण त्यांना एकटं सोडवेना.

खड्डा खणून तयार होता. मेढ ओली हळद लावून आडवी ठेवलेली. भटजी सारखे घड्याळ बघत होते. पोरगी दारात उभी होती, तोंड घट्ट मिटून. धाकटे खड्ड्यापाशी उभे, रस्त्याकडे पाहत नव्हते, पण मान अवघडलेली कळत होती. भटजी म्हणाले, वेळ टळते आहे. धाकट्यांनी मेढ उचलली. खड्ड्यात उभी केली. एका हातानं धरून ठेवली आणि माती लोटायला कोणालाही सांगेनात.

असा किती वेळ गेला असेल कोण जाणे. मी घरमालकांकडे पाहिलं. आणि एकदम, सगळ्या गोदामांच्या पत्र्यांवर आदळेल अशा आवाजात ते ओरडले,

"अरे तिरकी हाय ती! डावे बाजूला घे!"

धाकट्यांनी झटकन मान वळवली. मग त्यांच्याहून मोठ्यानं ओरडले, "मग तिकडशी काय सांगतंस, दादूस! ये ना, हात लाव!"

रस्ता ओलांडताना घरमालकांनी इकडंतिकडं पाहिलं नाही. एक टेम्पो करकचून थांबला. दोघांनी मेढ धरली, डावीकडे घेतली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, एकमेकांवर खेकसत, आणि शेवटी होती तिथंच रोवली. पोरगी धावत येऊन काकाच्या गळ्यात पडली आणि नव्या शर्टाला हळद लागली. काकी रडत होत्या आणि मीही रडत होतो. नसीमभाई म्हणाले, "चलो, एक आदमी तो सूखा रहे," आणि मग त्यांनाही राहवलं नाही.

पहिला कोण बोलला, यावरून दोघांचं भांडण त्याच दुपारी पंगतीत सुरू झालं. "तू बोललास, शपथ तुझी मोडली." "मी न्हाय, निवटा बोलला." "निवट्याचा आवाज मना ठावं न्हाय व्हय?" पत्रा पुढच्या आठवड्यात निघाला, भांडण निघालं नाही. ते रोज सकाळी चहाबरोबर, एका ओटीवर बसून, वर्षभर चाललेलं मी स्वतः ऐकलं आहे. दोघांनीही मला साक्षीदार धरलं होतं. मी दोघांनाही सांगायचो की टेम्पोच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही.

मला ठाण्याला नोकरी लागली तेव्हा मी खोलीची किल्ली द्यायला गेलो. घरमालक ओटीवर एकटेच होते. त्यांनी किल्ली खिशात टाकली, पेनांच्या मागं. इकडंतिकडं पाहिलं.

"आता तर तू चाललास. आता खरं सांग. त्या दिवशी पयला कोन बोलला?"

"धाकटे," मी म्हणालो.

ते हसले. इतक्या दिवसांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"तुला खोटं बोलता येत न्हाय, शहापूर. म्हनून तू दर महिन्याला मरतोस. मीच बोललो. निवटा न्हाय, मी. पन त्याला सांगू नको." मग जरा पुढं वाकून हळूच म्हणाले, "आन् मेढ सरलच होती रे. पन काय तरी बोलाया पायजेल व्हतं ना."